दुसऱ्या क्लॅरोनेटचा माणूस

मुंबईच्या सिनेसंगीतात जॅझ कसं शिरलं, याची हकिगत पुस्तकांत वाचायला मिळते ती ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूमपासून. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांचं वाजवणं ऐकून गोव्याची पोरं जॅझ शिकली. हे सगळं खरं आहे. पण आमच्या खडकीत हीच गोष्ट पलटणीच्या बँडपासून सुरू व्हायची, आणि ती सांगायचे आमच्या शेजारचे अंकल.

खडकी मुळात फौजेचं गाव. ५ नोव्हेंबर १८१७ ला बाजीराव पेशव्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई इथल्या माळावर झाली. त्यानंतर छावणी वसली, १८६९ मध्ये अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी आली, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आलं. त्यांच्या पाठोपाठ तमिळ आले, तेलुगू आले, अँग्लो-इंडियन आणि गोंयकार आले. माझे आजोबा फॅक्टरीत कामाला होते. आमच्या गल्लीत सकाळी भोंगा व्हायचा आणि वारा त्या बाजूचा असला तर सॅपर्सच्या बँडचा सरावही ऐकू यायचा. आम्हाला त्यात मार्चची धून तेवढी ऐकू येई. अंकलना मात्र तिसऱ्या रांगेतलं कोणतं वाद्य अर्ध्या सुराने उतरलंय, ते घरात दाढी करता करता कळायचं.

अंकल मडगावजवळच्या एका गावचे. चर्चच्या शाळेत, पोर्तुगीज अमदानीत, अक्षरओळखीबरोबरच सुरांची ओळख होई. पाच रेघांवरचे ठिपके वाचायला ते सहाव्या-सातव्या वर्षी शिकले. पाद्री छडी घेऊन समोर उभा आणि मुलं तोंडाने ‘दो रे मी’ म्हणतायत, हाताने ताल मोजतायत. वाद्य हातात यायचं ते त्यानंतर, दोन-तीन वर्षांनी. पुढे क्लॅरोनेट घेऊन ते पलटणीच्या बँडात लागले आणि खडकीला आले. आजोबा त्यांना कायम ‘मास्तर’ म्हणायचे आणि अंकल आजोबांना ‘साहेब’. दोघांचीही हुद्द्याने तशी काही ऐपत नव्हती, पण एकमेकांना त्यांनी तो मान दिला आणि शेवटपर्यंत पाळला. मला अंकल ‘बाय’ म्हणायचे.

त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टींचा सांधा मला फार उशिरा जुळला. १९४७ मध्ये गोरे साहेब गेले. पुण्याच्या, खडकीच्या क्लबांतले शनिवारचे नाच बंद पडत गेले. तिकडे लाहोरच्या हॉटेलांत वाजवणारे गोंयकार फाळणीनंतर मुंबईला परतले. सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतलेच. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड होता. भरीस भर म्हणून मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. नाइटक्लबच्या धंद्याचं कंबरडं मोडलं. पाच-सहा वर्षांच्या आत शेकडो हात, ओठ आणि फुप्फुसं बेकार झाली. उत्तमातली उत्तम तालीम मिळालेले हे लोक. त्यांना कामाला घेणारी एकच जागा उरली होती : सिनेमाचे रेकॉर्डिंग स्टुडिओ. हिंदी सिनेमातली गाणी पन्नासच्या दशकात एकाएकी भरघोस का झाली, त्यात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन इतक्या हक्काने कुठून आले, याचं उत्तर संगीतकारांच्या प्रतिभेत शोधतात. प्रतिभा होतीच. पण त्या प्रतिभेच्या हाताशी एवढे वाचून वाजवणारे लोक आले ते पोटासाठी, हे मला अंकलमुळे समजलं. तेही त्याच लाटेत मुंबईला गेले. बँडची नोकरी संपली होती, लग्न व्हायचं होतं.

गेले ते दुसऱ्या क्लॅरोनेटवर. पहिल्या क्लॅरोनेटला धून मिळते, कधी एखादा सोलो पीस मिळतो. दुसऱ्याने खालच्या सुरात तिला आधार द्यायचा. तो नीट वाजला तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकला तर सगळ्यांच्या लक्षात येतो.

ते काम कसं चाले, हे अंकलनी मला इतक्यांदा आणि इतक्या बारकाईने सांगितलंय की तो स्टुडिओ मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. आदल्या दिवशी निरोप यायचा : उद्या सकाळी नऊ, ताडदेव. गाणं कुठलं, सिनेमा कुठला, काही ठाऊक नसे. गेल्यावर स्टँडवर हाताने लिहिलेला कागद, कधी शाई ओली. कागद लिहिलेला असायचा अरेंजरने किंवा त्याच्या माणसाने. संगीतकाराने पेटीवर चाल म्हणून दाखवायची, अरेंजरने ती वाद्यावाद्यांत वाटून द्यायची : व्हायोलिनला हे, ब्रासला हे, मधला पीस अ‍ॅकॉर्डियनला. मग दुपारपर्यंत रिहर्सल. सतार, सारंगी, ढोलकवाले कागद न बघता वाजवणारे, त्यांना तोंडी सांगायचं. गोंयकार, पारशी कागद बघून वाजवणारे. दोन्ही तऱ्हेचे लोक एका खोलीत, आणि दोघांच्या मध्ये अरेंजर. दुपारनंतर टेक. माइक मोजके. म्हणून कुणाचा आवाज किती यायचा ते बटणावर नाही, माइकपासूनच्या अंतरावर ठरे. ट्रम्पेटवाल्याला भिंतीशी उभं करायचे. अंकलच्या खुर्चीच्या पायांना खडूच्या खुणा केलेल्या असत. खुर्ची त्या खुणेवरून वीतभर सरकली तरी रेकॉर्डिस्ट काचेआडून हात करायचा. गाणारी बाई किंवा बुवा, साठ वाजवणारे, सगळे एकाच वेळी, एका दमात. शेवटच्या ओळीत कुणाचा सूर घसरला की पुन्हा पहिल्यापासून. अकराव्या टेकला सूर हलला तर साठ माणसं आपल्याकडे बघतात, आणि बोलत कुणीच नाही, असं अंकल म्हणायचे. संध्याकाळी हिशेब व्हायचा, नोटा मोजून.

रेकॉर्डवर नाव यायचं गायकाचं, संगीतकाराचं, सिनेमाचं. या साठांपैकी एकाचंही नाही.

आजोबांना मात्र काही नावं पाठ होती, आणि ती अंकलनी पाठ करून घेतलेली होती. ‘अलबेला’ १९५१ चा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस, आणि त्याचा उजवा हात कोण, तर आल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची. मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. ‘अलबेला’च्या एका नाचगाण्यात भगवान आणि गीता बालीच्या मागे चिक आणि त्याचा बँड झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून पडद्यावर दिसतो. आजी-आजोबांनी तो सिनेमा पाहिला तेव्हा आजीचं लक्ष गीता बालीकडे होतं आणि आजोबा तिला दंडाला धरून सांगत होते, ‘अगं, ती नव्हे, तिच्या मागचा बघ, तो ट्रम्पेटवाला. मास्तरांच्या ओळखीचा आहे.’ हा प्रसंग आजीने सांगितला की आजोबा दर वेळी म्हणायचे, ‘मग? होताच ओळखीचा.’

सी. रामचंद्रांच्या त्या काळच्या गाण्यांत लॅटिन अमेरिकेची लय आहे, स्विंग आहे, आणि मधूनच लावणीची ढोलकीही आहे. ‘आशा’ या १९५७ च्या सिनेमातलं निरर्थक शब्दांचं गाणं आजही लग्नात वाजतं. त्यातले काही बोल कोकणीचे आहेत आणि ते चितळकरांचे गोंयकार साहाय्यक जॉन गोम्स यांच्याकडून आले, असं सांगतात. अंकलच्या घरी या बाबतीत शंकेला जागाच नव्हती. आँटी पोळ्या लाटता लाटता त्यातला कोकणी तुकडा म्हणून दाखवायच्या आणि वर विचारायच्या, ‘हें मराठी आसा?’

अंकलचा सगळ्यात जास्त जीव होता तो अँथनी गोन्साल्विस यांच्यावर. माजोर्ड्याचे, १९२७ चा जन्म. नौशादांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायला लागले, पुढे अरेंजर झाले, आणि शिकवायचेही. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आर. डी. बर्मनही. ‘अमर अकबर अँथनी’ १९७७ मध्ये आला आणि प्यारेलालनी एका गाण्यात आपल्या गुरूंचं नाव घातलं. देशभरच्या पोरांनी ते नाव अमिताभच्या अंड्यातून निघण्याशी जोडलं, आमच्या गल्लीतल्याही. अंकल त्या पोरांना थांबवून सांगायचे, हा माणूस आहे, खरा माणूस आहे, याने १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात हिंदुस्थानी रागांची सिम्फनी उभी केली होती, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला उभे होते. पोरं ‘हो अंकल’ म्हणून पळायची. मी थांबायचे. गोन्साल्विस १९६५ च्या सुमारास अमेरिकेला सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, नंतर गोव्याला परतले आणि २०१२ मध्ये वारले. सिनेमात त्यांनी परत पाऊल ठेवलं नाही.

राग आणि जॅझ यांना एका पंगतीला बसवायची ओढ त्या पिढीत पुष्कळांना होती. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड सांगायचे की १९४६ मध्ये मसुरीला गांधीजी भेटले आणि तेव्हापासून जॅझ हिंदुस्थानी ढंगाने वाजवायचं त्यांनी मनावर घेतलं. आणि या ओढीचं स्पष्ट, हातात धरता येण्यासारखं फळ म्हणजे १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही एचएमव्हीची एलपी. नाव शंकर-जयकिशन यांचं. अकरा राग : तोडी, भैरव, मालकंस, कलावती, मियाँ मल्हार, शेवटी भैरवी. सतारीवर रईस खान. पण अंकल ही रेकॉर्ड लावायचे ती रईस खानसाठी नव्हे. सॅक्सोफोन आणि बासरीवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, गिटारवर अनिबाल कास्ट्रो आणि दिलीप नाईक, बासवर एडी ट्रव्हास, पियानोवर लुसिला पाचेको, तबल्यावर रमाकांत, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. ही सगळी वर्षानुवर्षं तासावर वाजवणारी, मागच्या रांगेतली माणसं. इथे त्यांची नावं कव्हरवर छापलेली! अंकलनी ते कव्हर प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं होतं आणि आम्हा मुलांना बोट लावू देत नसत.

त्यांतल्या मनोहारी सिंगांची कथा खडकीकराने ऐकावी अशीच आहे. नेपाळी घराणं, फौजी बँडची परंपरा, आणि कोलकात्याजवळ बाटानगरला बाटाच्या बुटांच्या कारखान्याचा ब्रास बँड. तो बँड चालवणारा जोसेफ न्यूमन नावाचा हंगेरियन मास्तर होता. कारखान्याच्या बँडमध्ये शिकलेला मुलगा पुढे मुंबईत आला आणि हिंदी सिनेमातला सॅक्सोफोन म्हणजे मनोहारी असं समीकरण झालं. अंकल हे सांगताना आजोबांकडे वळून म्हणायचे, ‘साहेब, तुमच्या फॅक्टरीने पण बँड ठेवला पायजे होता.’ यात दुःख होतं, आणि ते आजोबांना समजत होतं. अंकल पाच-सहा वर्षांनी मुंबई सोडून खडकीला परत आले होते. पागडी देऊन जागा घेण्याइतके पैसे साठत नव्हते, मुलगी आजारी होती, आणि आजोबांनीच शब्द टाकून त्यांना फॅक्टरीत चिकटवलं होतं. ज्या हातांनी क्लॅरोनेटच्या चाव्या दाबल्या त्यांनी पुढची सगळी नोकरी पितळी काडतुसं तपासण्यात काढली. आजोबांना आपण मास्तरांचं भलं केलं की नुकसान, हा प्रश्न पडलेला असायचा, असं आजी सांगायची. माझं मत आजीला मी सांगितलेलं आहे : भलंच केलं. वाजवण्यावर घर चालवण्याची सोय ज्या धंद्याने केली नाही, दोष त्या धंद्याचा.

जगात इतरत्रही तासावर वाजवणाऱ्यांचं असंच आहे. ‘येस’ या इंग्रज रॉक बँडचं १९८३ मधलं गाजलेलं गाणं आमच्या वरच्या मजल्यावरचा दादा दिवसरात्र लावायचा. त्या गाण्यातला गिटारवाला ट्रेव्हर रेबिन, जोहान्सबर्गचा. हा पोरसवदा वयातच तिथल्या स्टुडिओंत रोजावर गिटार वाजवत होता. समोर येईल ते वाजवायचं, जॅझ असो, आफ्रिकन लयीचं गाणं असो, जाहिरात असो. ‘रॅबिट’ हा स्वतःचा बँड आणि नावलौकिक नंतरचा. वर्णद्वेषाच्या कायद्यांनी माणसांना वेगळ्या वस्त्यांत कोंडलं होतं, त्या देशात संगीत एकमेकांत मिसळलं ते असंच, कामाच्या जागी. केपटाऊनमध्ये १९७४ साली अब्दुल्ला इब्राहिम यांनी ‘मॅननबर्ग’ ही धून ध्वनिमुद्रित केली. मॅननबर्ग म्हणजे घरं पाडून हुसकलेल्या लोकांची वस्ती. त्या धुनेत सॅक्सोफोन वाजवणाऱ्या बेसिल कोएत्झी यांना लोक त्यानंतर बेसिल ‘मॅननबर्ग’ कोएत्झी असंच म्हणू लागले. वाजवणाऱ्याला लोकांनी धुनेचंच नाव दिलं! हे मी वाचलं तेव्हा अंकल हयात होते आणि मी धावत सांगायला गेले. ते बराच वेळ नुसते मान हलवत राहिले. मग आपण वाजवलेल्या गाण्यांची नावं त्यांनी एकेक करून घेतली, आणि दर नावापुढे माझ्याकडे बघून, अगदी खुशीत, स्वतःचं नाव जोडून म्हटलं.

पुण्याने मात्र आपली वाजवणारी माणसं थोडीफार जपली, असं मला वाटतं. इनॉक डॅनियल्स पुण्यातच जन्मले. त्यांचं अ‍ॅकॉर्डियन कितीतरी हिंदी गाण्यांत आहे आणि सिनेगीतांच्या धुनांच्या त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डी एचएमव्हीने काढल्या. कव्हरवर त्यांचं नाव, त्यांचा फोटो. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन १९५५ च्या ‘गीतरामायणा’त आहे, आणि पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून लोक तिकीट काढून फक्त त्यांना ऐकायला जायचे. लग्नसराईत प्रभात बँड ठरवायला पुणेकर मुहूर्ताच्या आधी महिनोन् महिने जायचे आणि क्लॅरोनेटवर कोण आहे ते विचारून घ्यायचे. अंकल हे कौतुकाने सांगायचे. सदाशिव पेठेतल्या वरबापाला क्लॅरोनेटवाल्याचं नाव माहीत असतं, हे त्यांना मुंबईच्या कुठल्याही स्टुडिओपेक्षा मोठं वाटायचं.

लंडनला स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने एकदा एका जुन्या रेकॉर्डिंगची कॅसेट पाठवली. १९६६ ची ‘इंडो-जॅझ सूट’. जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्याचा जॉन मेयर यांनी मिळून केलेली. पाच जॅझवाले, पाच हिंदुस्थानी वाद्यांचे, मेयरने लिहून दिलेल्या रागांवर वाजवतात. सतारीवर दिवाण मोतिहार. आणि तबल्यावर केशव साठे. मुंबईत जन्मलेला हा मराठी माणूस पन्नासच्या दशकात लंडनला गेला आणि तिथे ज्याला ज्याला तबला हवा त्याच्यासाठी वाजवत राहिला. १९६७ मध्ये जर्मनीत आयरीन श्वाइत्सर या स्विस पियानोवादिकेच्या तिघांबरोबर, मॅनफ्रेड शूफच्या ट्रम्पेटबरोबर, बार्नी विलेनच्या सॅक्सोफोनबरोबर त्याने ‘जॅझ मीट्स इंडिया’ केली. पुढे जॉन रेनबर्न या गिटारवाल्याच्या गटात इंग्रजी लोकगीतांना त्याचा तबला होता. दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले क्रिस मॅकग्रेगर आणि त्याचे ‘ब्लू नोट्स’ १९६५ मध्ये लंडनला पोहोचले. साठे तेव्हा त्याच शहरात होते. सगळ्या देशांची घराबाहेर पडलेली माणसं तिथे एकमेकांच्या रेकॉर्डींवर वाजवत होती. साठे २०१२ मध्ये वारले. मराठीत त्यांच्याविषयी इतकं कमी लिहिलं गेलंय, याची मला खरोखर चीड येते.

ती कॅसेट मी अंकलकडे लावली तेव्हा ते ऐंशीच्या जवळ आले होते. कानाला यंत्र होतं, डोळ्यांवर जाड भिंगं. सुरुवातीला सतार आली तेव्हा ते गप्प बसले. सॅक्सोफोन आला तेव्हा म्हणाले, ‘वाचून वाजवतोय, पण चांगला वाचतोय.’ मग तबला आणि ड्रम एकत्र येतात ती जागा आली. त्यांनी हात वर केला, ‘परत.’ मी मागे नेऊन लावली. गुडघ्यावर बोटांनी ताल धरून ते मोजायला लागले, पाद्रीसमोर शिकलेलं असावं तसं, तोंडाने. ‘ऐक बाय, ड्रमवाला चार-चारच्या घरात आहे. तबलेवाला दहाच्या. दोघं सम गाठणार कुठे?’ मला कळेना. ते मोजत राहिले, एकदा, दोनदा, आणि वीस मात्रा संपून एकविसावीला त्यांनी टाळी दिली, त्याच क्षणी टेपवर दोघांची थाप एकत्र पडली. मग त्यांनी तबलेवाल्याचं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं, खाली इंग्रजीत पुन्हा, म्हणजे त्यांच्या नातवालाही वाचता येईल.